ओसरीवर आलेली रेल्स

फायनल इयरच्या कुणालाही सहज विचारून बघा, "रूबी येते का रे तुला?" उत्तर ठरलेले आहे: "हो, रेल्स केलंय ना!" आता हे म्हणजे "मराठी येते का?" या प्रश्नावर "हो, लग्नपत्रिका लिहिता येते" असे सांगण्यासारखे झाले. पण थांबा, लगेच हसू नका. या उत्तरात थोडे तथ्य आहे, आणि माझा हा लेख त्या थोड्या तथ्याबद्दलच आहे.

आधी सिव्हिल-मेकॅनिकलच्या मित्रांसाठी दोन शब्द. (कॉम्प्युटरवाल्यांनी हा पॅरा सोडला तरी चालेल, तसेही ते लेक्चर सोडतातच.) प्रोग्रामिंगची भाषा म्हणजे विटा, रेती, सिमेंट, गज. त्यातून काय बांधायचे ते तुम्ही ठरवा. फ्रेमवर्क म्हणजे सेंट्रिंगच्या पाट्यांसकट आलेला कंत्राटदार. कॉलम इथे, जिना तिथे, तुम्ही फक्त काँक्रीट ओता! काम पटापट होते म्हणून सगळे त्याला बोलावतात. रूबी ही भाषा, आणि रूबी ऑन रेल्स, म्हणजे आपली रेल्स, हा तिच्यावर वेबसाईट बांधून देणारा कंत्राटदार. नेहमीच्या हिशोबात कंत्राटदार असतील त्या विटा वापरतो. इथे मात्र कंत्राटदाराने वीटभट्टीवर जाऊन सांगितले की साचा बदला. भट्टीवाल्याने काही वेळा ऐकले, काही वेळा नाही ऐकले. माझ्या मते सगळी गंमत या 'काही वेळा'त आहे.

रूबी जन्माने जपानी. युकिहिरो मात्सुमोतो, ज्यांना जग 'मात्झ' म्हणते, यांनी १९९३ साली ती करायला घेतली आणि डिसेंबर १९९५ मध्ये लोकांसाठी खुली केली. प्रोग्राम लिहिणाऱ्याला लिहिताना आनंद झाला पाहिजे हा त्यांचा हट्ट. (आपल्या सिलॅबसमध्ये आनंद कुठल्या युनिटला आहे ते मी अजून शोधतोय.) पहिली काही वर्षे ती मुख्यतः जपानपुरतीच राहिली, कारण तिच्याबद्दलचे बहुतेक लिखाण जपानीत. २००० साली इंग्रजीत मोठे पुस्तक आले, थोडी मंडळी जमली, पण नोकरी मिळवून देणारी भाषा काही ती झाली नाही. मग डेव्हिड हाइनमायर हान्सन नावाच्या डॅनिश तरुणाने शिकागोच्या एका कंपनीसाठी 'बेसकॅम्प' हे सॉफ्टवेअर रूबीत लिहिले. त्यातला पुन्हा वापरता येईल असा सांगाडा त्याने बाजूला काढला आणि जुलै २००४ मध्ये रेल्स या नावाने फुकट वाटून टाकला. डिसेंबर २००५ मध्ये रेल्सची १.० आवृत्ती आली. त्यानंतर जो लोंढा आला तो रूबीसाठी आलाच नव्हता, रेल्ससाठी आला होता. ट्विटर सुरुवातीला रेल्सवर होते, गिटहब आणि शॉपिफाय आजही आहेत.

लांब कशाला, आपल्या महाराष्ट्रातले बघा. पुण्यात २००७ साली जोश सॉफ्टवेअर ही कंपनी सुरू झाली आणि रूबी-रेल्सच्या कामावर तिने नाव कमावले. 'रूबीकॉन्फ इंडिया' ही परिषद २०१० मध्ये बंगलोरला सुरू झाली, २०१२ आणि २०१३ मध्ये पुण्यात भरली, पुढची दोन वर्षे गोव्यात. शिवाय 'डेक्कन रूबीकॉन्फ' ही पुण्याने स्वतःची वेगळी काढली. नावात सगळीकडे रूबी, पण तिथे जाणाऱ्या बहुतेकांच्या घरची चूल पेटते रेल्सवर. आपले जे सिनियर पुण्यात या कामाला लागतात त्यांचा हुद्दा बघा: आर.ओ.आर. डेव्हलपर. रूबीचे नाव सुटे कुणी लावतच नाही. सासरच्या आडनावाशिवाय हाक नाही!

आता मुद्द्याचे. फ्रेमवर्क भाषेत शिरते तरी कसे? जावामध्ये तुम्ही पूर्णांकाच्या क्लासला हात लावू शकत नाही, दाराला कुलूप आहे. रूबीच्या घराला कंपाउंड वॉलच नाही. कुणीही यावे आणि अंकाच्या, स्ट्रिंगच्या, अगदी 'निल'च्या क्लासमध्ये स्वतःची मेथड बांधून जावे. रेल्सने याचा पुरेपूर फायदा घेतला. तिच्यातला 'अॅक्टिव्ह सपोर्ट' नावाचा भाग म्हणजे ही सगळी वाढीव बांधकामे. रेल्समध्ये 'वन डॉट डे डॉट अगो' लिहिले की कालची वेळ मिळते. इंग्रजी वाक्यासारखे वाचता येते, शिकायला काही नाही. नुसत्या रूबीत हेच लिहा. तिथल्या एक या आकड्याला दिवस म्हणजे काय हेच ठाऊक नसते, तो सरळ एरर देतो. एक वेडेपणाही सांगतो. यादीतला दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा घटक मागायला रेल्समध्ये शब्द आहेत, आणि त्यानंतर एकदम बेचाळिसावा! 'फॉर्टी टू' ही मेथड खरोखरच आहे. का, ते डग्लस अॅडम्स वाचणाऱ्यांना कळेल. बाकीच्यांनी परीक्षेनंतर वाचावे.

ओसरी दिली की हातपाय पसरण्याची म्हण सगळ्यांना ठाऊक आहेच. पण रूबीच्या बाबतीत ती अर्धीच लागू पडते, कारण ओसरीवरच्या पाहुण्याचे सामान घरमालकाने एकेक करून तपासले. जे उपयोगाचे वाटले ते माजघरात घेतले, तेही बहुधा स्वतःच्या पद्धतीने घडवून.

उदाहरणच देतो. एखादी गोष्ट 'निल' असेल, म्हणजे नसेलच, तर तिला काही विचारताना प्रोग्राम कोसळतो. यावर रेल्सने 'ट्राय' नावाची युक्ती काढली: विचारून बघ, जमले तर ठीक, नाहीतर गप्प बस. हजारो लोकांनी ती वापरली. ही गरज खरी आहे हे त्यातून दिसले. मग २५ डिसेंबर २०१५ ला रूबी २.३ आली (रूबीची नवी आवृत्ती नाताळला येते, आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना ही प्रथा फार आवडते) आणि तिच्यात '&.' हे चिन्ह आले. मात्झ त्याला 'लोन्ली ऑपरेटर' म्हणतात. नीट बघा, कुणीतरी जमिनीवर एकटेच बसून समोरच्या ठिपक्याकडे टक लावून बघत असल्यासारखे दिसते. सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर असे बरेच ऑपरेटर आढळतात! पण विनोद सोडा, फरक बघा. रेल्सच्या 'ट्राय'ला तुम्ही मेथडचे नाव चुकीच्या स्पेलिंगने दिले तरी तो मुकाट्याने 'निल' देतो. चूक गिळली जाते आणि तीन आठवड्यांनी भलतीकडेच उगवते. रूबीचे चिन्ह फक्त 'निल'ला माफ करते. गोष्ट असेल आणि मेथड नसेल तर ठणठणीत एरर. म्हणजे कल्पना पाहुण्याची, पण दुरुस्ती करून घेतलेली.

तसेच बेरजेचे. यादीची बेरीज करणारी 'सम' ही मेथड रेल्समध्ये फार पूर्वीपासून होती. रूबीने ती २०१६ च्या २.४ मध्ये घेतली आणि घेताना आतले गणितच बदलले. ०.१ हा आकडा दहा वेळा एकापुढे एक मिळवत गेलात तर कॉम्प्युटर १ सांगत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ सांगतो. न्यूमेरिकल मेथड्सच्या पेपरमध्ये राउंड-ऑफ एरर म्हणून आपण जो पाठ करतो, तोच हा. रूबीच्या 'सम'मध्ये चुकीची भरपाई करत जाणारी काहान-बाबुस्काची रीत आहे, तिचे उत्तर १.० येते. आणखी एक. रेल्सची 'सम' आकडे नसलेल्या गोष्टीही जोडून द्यायची. रूबी म्हणाली, बेरीज शून्यापासून सुरू होते, दुसरे काही जोडायचे तर सुरुवात कुठून ते तुम्ही सांगा. पुढे २०२१ मध्ये रेल्स ७.० ने आपली जुनी सवय सोडायला घेतली. इथे पाहुण्याने घरमालकाचे ऐकले.

बाकीची यादी मी लांबवत नाही. हॅशमधल्या सगळ्या किमती बदलणारी 'ट्रान्सफॉर्म व्हॅल्यूज', नको त्या कळा वगळणारी 'एक्सेप्ट' (ही २०२० च्या ३.० मध्ये आली), या सगळ्या आधी रेल्सच्या ओसरीवर राहून गेल्या. पण एक राहिलेली गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. 'ब्लँक' आणि 'प्रेझेंट' या मेथड्स रेल्सवाला दिवसातून पन्नास वेळा लिहीत असेल. निल, रिकामी स्ट्रिंग, नुसत्या स्पेस असलेली स्ट्रिंग, रिकामी यादी, 'फॉल्स', हे सगळे एकाच शब्दात 'रिकामे'! वेबच्या फॉर्मसाठी झकास. इतकी वर्षे झाली, इतकी लोकप्रियता आहे, तरी त्या आजही रूबीच्या गाभ्यात नाहीत. माझ्या मते हे योग्यच आहे. फॉर्मवर नाव न लिहिणे आणि 'नाही'ला टिक करणे, या दोन गोष्टी वेबसाईटला सारख्या वाटल्या तरी भाषेला सारख्या वाटून चालत नाही. सेन्सरचे रीडिंग आलेच नाही आणि रीडिंग 'फॉल्स' आले, यातला फरक इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना विचारा.

सामान जसे आले तशी भांडणेही आली. जुन्या मेथडला बाजूला सारून तिच्या जागी नवी बसवायची आणि आतून जुनीला हाक मारायची, यासाठी रेल्समध्ये 'अलियास मेथड चेन' नावाचा जुगाड होता. एकावर एक अशा चार चेन लागल्या की कोण कुणाला हाक मारतोय ते देवालाच ठाऊक. रूबी २.० मध्ये, २०१३ साली, 'प्रीपेंड' आले आणि हेच काम भाषेच्या नियमात बसून होऊ लागले. २०१६ मध्ये रेल्स ५.० ने आपला जुगाड मोडीत काढायला घेतला. भाषेतली एखादी खरी उणीव दाखवून द्यायची असेल तर तिच्यावर असा प्रचंड मोठा जुगाड उभा करावा लागतो की काय, असे वाटते. अर्जाने जे होत नाही ते जुगाडाने होते. (हे कॉलेजच्या बाबतीत लिहिलेले नाही.)

बाहेरचे शब्द बोलीत कसे मुरतात हे वणीच्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ चे, वेकोलि १९७५ ची. खाणीबरोबर शिफ्ट आली, डंपर आला, सायडिंग आली. सगळ्यात भारी म्हणजे 'ओबी'. कोळशावरची माती काढून जे डोंगर रचतात त्यांना कंपनीच्या कागदावर 'ओव्हरबर्डन' म्हणतात. ज्याने आयुष्यात कंपनीचे गेट पाहिले नाही तो शेतकरीही सांगतो, "ओबीच्या मांगच्या धुऱ्यावर हाय मी, ये." इंग्रजी लघुरूप आणि वऱ्हाडी धुरा एका वाक्यात! कुणाला खटकत नाही, कारण ढिगारा खरोखरच तिथे आहे आणि त्याला दुसरा शब्द नव्हता. गरजेचा शब्द टिकतो. पण त्याच वणीची दुसरी बाजूही आहे. हे लोकनायक बापूजी अणे यांचे जन्मगाव, १८८० सालचे, असे सांगितले की परगावचे मित्र "अच्छा" म्हणतात. कोळसा म्हटला की लगेच, "हां, ती वणी का!" खाणीने गावाला शब्द दिले, रोजगार दिला, धूळ दिली आणि गावाची ओळखही बदलून टाकली.

रूबीचे अगदी तसेच झाले आहे. मॅकवर सॉफ्टवेअर चढवणारे 'होमब्रू' रूबीत आहे, सिक्युरिटीवाल्यांचे 'मेटास्प्लॉइट' रूबीत आहे, साध्या फाइलींपासून वेबसाईट बनवणारे 'जेकिल' रूबीत आहे. हे किती जणांना माहीत आहे? पायथॉन बघा. तिच्यावरही जँगो हे मोठे फ्रेमवर्क आहे. मुंबईत बनलेले, ईआरपीनेक्स्टच्या खालचे 'फ्रॅपे' आहे. पण पायथॉनच्या दारात शास्त्रज्ञ, आकडेमोडवाले, शाळामास्तर अशी दहा प्रकारची गिऱ्हाइके उभी असतात, त्यामुळे कुणा एका फ्रेमवर्कला तिला आपल्याकडे ओढता आले नाही. रूबीचे मोठे गिऱ्हाईक एकच. गिऱ्हाईक एकच असले की दुकानात माल कुठला ठेवायचा हे तेच ठरवते.

स्पीडच्या बाबतीत हे उघडच दिसले. २०१५ मध्ये मात्झ यांनी जाहीर केले की रूबी ३ ही रूबी २.० च्या तिप्पट वेगाने धावेल. वेग मोजायला एक मुख्य माप घेतले ते 'ऑप्टकॅरट', म्हणजे रूबीत लिहिलेला निन्टेन्डोचा जुना गेम चालवणारा प्रोग्राम. २०१८ च्या २.६ मध्ये चालता चालता मशीन कोड बनवणारा कंपायलर आला. गेम जोरात धावू लागला, पण रेल्सची साईट होती तिथेच, उलट काही वेळा मंद. २०२० मध्ये ३.० आली तेव्हाही गेम तिप्पट झाला आणि रेल्सवाले तोंड बघत राहिले. शेवटी शॉपिफायच्या लोकांनीच 'वायजिट' नावाचा नवा कंपायलर लिहिला, खऱ्या रेल्स साईटवर काय ओझे पडते ते बघून. २०२१ च्या ३.१ मध्ये तो रूबीत आला, पुढच्या वर्षी रस्ट भाषेत नव्याने लिहिला गेला, आणि ऑगस्ट २०२४ च्या रेल्स ७.२ पासून, खाली रूबी ३.३ किंवा पुढची असेल तर, तो आपोआप चालू होतो. फायदा सगळ्या रूबीलाच झाला, मी तक्रार करत नाही. पण वजनकाटा गेमचा राहिला नाही, दुकानाचा झाला, हे नोंदवून ठेवतो. इंजिनिअर लोक ज्या काट्यावर मोजतात तेच सुधारते.

आणि घरमालकाला 'नाही' म्हणताच आले नाही तर काय होते? त्याला उदाहरण जावास्क्रिप्टचे. तिथे 'मूटूल्स' नावाच्या जुन्या लायब्ररीने भाषेच्या मूळ यादीत स्वतःच्या मेथड्स घुसवल्या होत्या, त्यातली एक 'फ्लॅटन'. २०१८ साली भाषेला अधिकृत 'फ्लॅटन' आणायची होती. पण तसे केले असते तर मूटूल्सवर चालणाऱ्या जुन्या साईट मोडल्या असत्या. कुणीतरी चिडून चेष्टेत 'स्मूश' हे नाव सुचवले आणि त्यावर जगभर कल्लोळ झाला. शेवटी नाव पडले 'फ्लॅट'. म्हणजे नव्या प्रोजेक्टला जी कुणी घेत नव्हते त्या लायब्ररीने पुढच्या सगळ्या पिढ्यांसाठी भाषेतला एक शब्द अडवून ठेवला. रूबीतही उघड्या घराचा हाच धोका होता. तिथे नव्या आवृत्तीबरोबर जुना कोड दुरुस्त करायची सवय आहे आणि अंतिम शब्द एका माणसाचा आहे, म्हणून निभावले. एका माणसावर किती दिवस भागेल हा वेगळा प्रश्न.

एवढे सगळे सांगायचे कारण काय? कारण आपण. विद्यापीठाच्या सिलॅबसमध्ये आपल्याला भाषा शिकवतात, सी, सी++, जावा, पण त्यात खरे काही उभे करायला शिकवत नाहीत. दुसरीकडे शहरातले क्लासवाले तीन महिन्यांत फ्रेमवर्क शिकवतात आणि भाषा नावाची काही चीज असते हे कळूच देत नाहीत. सुट्टीत मी अशाच एका क्लासला बसून बघितले. सरांनी फळ्यावर 'प्रेझेंट' लिहिले. मी विचारले, "सर, हे रूबीचे की रेल्सचे?" सर म्हणाले, "तुला जॉबशी मतलब आहे की नाही?" आहे ना सर! पण जॉबमध्ये पहिल्याच महिन्यात रेल्सशिवाय चालणारी छोटी स्क्रिप्ट लिहायला दिली आणि अर्धे शब्द ओळखच देईनात, तर मतलब कुणाला विचारायचा? फ्रेमवर्क वाईट नाही. मी तर म्हणतो, आधी रेल्स करा, बिनधास्त करा, त्याशिवाय गोडी लागत नाही. मी स्वतः मराठी व्याकरण शाळेत शिकलो, पण मराठी आले ते मेसच्या रांगेत. फक्त कुठला शब्द कुणाचा हे विचारायची सवय ठेवा. जो विचारतो त्यालाच उद्या "हा शब्द भाषेत यायला पाहिजे" किंवा "हा येता कामा नये" असे म्हणता येईल. रूबीच्या चर्चेत असे म्हणायला पासपोर्ट लागत नाही, सूचना कुणीही पाठवू शकतो. पुण्यातली मुले पाठवतात, मग आपण काहून नाही?

डिपार्टमेंटच्या सरांना आणि मॅडमना माझी विनंती लहानशी आहे. वेब टेक्नॉलॉजीच्या लॅबमध्ये एक प्रॅक्टिकल असे ठेवा की तोच प्रोग्राम एकदा रेल्सच्या कन्सोलमध्ये चालवायचा आणि एकदा नुसत्या 'आयआरबी'मध्ये. जिथे एरर येईल त्या प्रत्येक ओळीखाली विद्यार्थ्याने लिहायचे की हा शब्द कुठून आला होता आणि त्याच्याशिवाय काम कसे करायचे. पायथॉनवाल्यांनी जँगोसाठी हेच करावे, जावावाल्यांनी स्प्रिंगसाठी. जर्नलमध्ये कॉपी करायला हे फार अवघड आहे, हाही एक फायदा धरा. रूबी फुकट आहे, डाऊनलोडही फार मोठे नाही. अडचण एकच, लॅबच्या मशीनवर काहीही टाकायचे तर अॅडमिन पासवर्ड लागतो. तेवढा मिळाला तर येत्या शनिवारी दुपारच्या बॅचपासून सुरू करता येईल. पेन ड्राइव्ह मी आणतो.